ओकच्या सालीखालची बुरशी आणि तिच्यावरचे बारीक भुंगेरे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनिअॅपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या, उपनगरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या परसातला जुना रेड ओक गेल्या ऑगस्टमध्ये तीन-चार आठवड्यांत पाने गाळून वाळला. यंदा मे महिन्यात त्याच्या खोडाला उभी भेग पडलेली दिसली. तिथली साल उचकटली तेव्हा आत तळहाताएवढी राखाडी बुरशी, तिला उतरलेल्या फळांचा गोड-आंबूस वास आणि तिच्यावर दोन-तीन मिलिमीटरचे कितीतरी तपकिरी भुंगेरे आढळले. झाड या भुंगेऱ्यांनी मारले का, त्यांच्यावर कीटकनाशक फवारावे का, परसातले उरलेले दोन रेड ओक आणि एक बर ओक वाचतील का, आणि वाळलेल्या झाडाचे लाकूड शेकोटीसाठी ठेवता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आपण केलेले वर्णन ‘ओक विल्ट’ या रोगाचे आहे, याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. तरीही प्रयोगशाळेची खात्री करून घ्यावी, त्याविषयी पुढे लिहितो. भुंगेऱ्यांनी झाड मारलेले नाही. झाड मेल्यानंतर, त्याच्या सालीखाली बुरशी पिकल्यावर, ते तिथे जेवायला आले आहेत. पण याच जेवणातून ते बुरशीचे बीजाणू अंगावर घेऊन निघतात आणि दुसऱ्या एखाद्या ओकच्या ताज्या जखमेवर जाऊन बसतात, म्हणून त्यांना निर्दोषही म्हणता येत नाही. उपाय करायचा तो जखमांवर, मुळांवर आणि लाकडावर. भुंगेऱ्यांवर फवारणी केल्याने काहीही साधणार नाही.

हे भुंगेरे निटिड्युलिडी कुळातले असून इंग्रजी बोलणारे त्यांना सॅप बीटल म्हणतात. जगभरात या कुळाच्या सुमारे साडेचार हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांच्या खाण्याच्या सवयी थक्क करणाऱ्या आहेत. काही जाती फुलांतले पराग खातात, काही वाळलेल्या हाडा-कातड्यावर जगतात, पण बहुसंख्य जातींचे जगणे कुठल्या ना कुठल्या प्रकारे आंबण्याशी किंवा बुरशीशी जोडलेले असते. पोकाडियस वंशाचे भुंगेरे पफबॉल नावाच्या गोल भूछत्रांच्या पोटात वाढतात, थॅलिक्रा वंशाचे जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशींच्या फळदेहांत वाढतात, तर सायलोडीस वंशातले भुंगेरे ऑयस्टर मशरूमवर येतात आणि भारतातही अळिंबी उत्पादकांना त्यांचा उपद्रव होतो. महाराष्ट्रात झाडाखाली पडून फुटलेल्या आंब्यावर किंवा उकललेल्या डाळिंबात जे काळपट, आखूड पंखांचे बारीक किडे वळवळताना दिसतात, त्यांत कार्पोफिलस वंशातले हेच भाऊबंद पुष्कळदा असतात. फळाला आतून यीस्ट लागले, आंबूस वास सुटला, की ते येतात. आणि येताना आधीच्या फळावरचे यीस्ट पायांना चिकटवून आणतात.

आपल्या झाडावर कोणती जात आहे हे छायाचित्रावरून नक्की सांगणे अवघड असते, पण मिनेसोटात वसंतात या बुरशीवर प्रामुख्याने दोन जाती महत्त्वाच्या ठरतात. एक कोलोप्टेरस ट्रंकेटस: जेमतेम दोन मिलिमीटरचा, चपटा, रुंद, तपकिरी, याचे कठीण पंख मागे छाटल्यासारखे तोकडे असतात आणि पोटाचे शेवटचे खंड उघडे दिसतात. दुसरा कार्पोफिलस सायी, थोडा मोठा आणि जास्त गडद. याशिवाय काळ्या पाठीवर चार पिवळट-तांबूस ठिपके असलेला, चार ते सहा मिलिमीटरचा ग्लिस्क्रोकायलस आपण पाहिला असेल. उन्हाळ्यात अंगणात बार्बेक्यू मांडला की बिअरच्या ग्लासात पडतो तो याच वंशातला, आणि म्हणून स्थानिक लोक त्याला पिकनिक बीटल म्हणतात. भिंगाखाली तिन्हींच्या स्पृशेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, टोक पाहिले तर शेवटचे तीन सांधे एकत्र येऊन घट्ट गाठ बनलेली दिसते. साल पोखरणारे भुंगेरे वेगळे: त्यांचे शरीर नळकांड्यासारखे गोल असते, वरून पाहिले तर डोके झाकलेले असते आणि सालीखाली त्यांनी कोरलेल्या, भुशाने भरलेल्या वाटा दिसतात. सॅप बीटल लाकूड कोरत नाहीत. आपल्याला अशा वाटा दिसल्या नसतील, तर वर्णन जुळते.

आता बुरशीविषयी, कारण खरा कर्ता तीच आहे. हा रोग विस्कॉन्सिनमध्ये १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ओळखला गेला. या बुरशीला दीर्घकाळ सेराटोसिस्टिस फॅगेसिअरम म्हणत. २०१७ मध्ये तिला स्वतंत्र वंशात हलवून ब्रेट्झिएला फॅगेसिअरम असे नाव देण्यात आले. आज ती अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील वीसहून अधिक राज्यांत आहे आणि २०२३ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतातही प्रथमच सापडली. उत्तर अमेरिकेबाहेर ती अद्याप आढळलेली नाही. ती झाडाच्या जलवाहिन्यांत शिरते. तिच्या वाढीमुळे आणि तिला अडवण्यासाठी झाड स्वतःच वाहिन्यांत जी बुचे बसवते त्यांमुळे पाणी वर चढेनासे होते. रेड ओक गटातील झाडे या लढाईत फार लवकर हरतात. पाने टोकाकडून आणि कडेने आत तांबूस-तपकिरी होत जातात, देठाकडे अजून हिरवी असतानाच गळतात आणि भर उन्हाळ्यात झाडाखाली पानांचा सडा पडतो. पहिल्या लक्षणापासून सहा आठवड्यांच्या आत मोठे झाड संपू शकते. व्हाइट ओक गटात, ज्यात आपला बर ओक येतो, ही वाटचाल सावकाश होते. फांदी-फांदीने काही वर्षे चालते, आणि व्हाइट ओक तर पुष्कळदा टिकून राहतो.

झाड मेल्यावर बुरशीचा दुसरा अध्याय सुरू होतो. मागच्या उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मेलेल्या रेड ओकमध्ये, लाकडात अजून पुरेसा ओलावा असताना, ती पुढच्या वसंतात सालीच्या आतल्या बाजूला राखाडी थर पसरते. या थराच्या मध्यभागी दोन काळपट, कठीण, लंबगोल गाद्या तयार होतात. एक सालीला चिकटलेली, दुसरी लाकडाला. त्या एकमेकींवर दाब देत फुगतात आणि अखेर साल उभी तडकते. आपल्याला दिसलेली भेग म्हणजे हीच. साल नीट जपून ठेवली असेल, तर तिच्या आतल्या अंगावरची गादी आणि खोडावरची गादी एकमेकींसमोर बरोबर जुळतात की नाही ते पाहा. जुळल्या, तर ओळख जवळजवळ पक्की समजायला हरकत नाही. थर ताजा असताना राखाडी किंवा फिकट करडा असतो, दोन-तीन आठवड्यांत काळा पडून वाळतो आणि त्याचा वासही जातो. वाळलेल्या थरावर भुंगेऱ्यांच्या अळ्या सापडतात, पण रोग पसरवण्याची त्याची ताकद तोवर ओसरलेली असते.

भेग पडण्याचे प्रयोजन वास बाहेर पडणे हेच आहे. ताज्या थरातून अल्कोहोल आणि एस्टर वर्गातली उडून जाणारी द्रव्ये निघतात, म्हणजे पिकलेली केळी किंवा आंबलेला रस यांना ज्यांच्यामुळे वास येतो तशी. सॅप बीटलला आंबलेले काहीही चालते, त्यामुळे बुरशीने त्याच्यासाठी फार वेगळे काही योजलेले नाही. त्याला आधीपासून आवडणारा वास ती काढते, एवढेच. पहिले काही नर पोचले की ते स्वतःचा एकत्र बोलावणारा गंध सोडतात आणि मग गर्दी होते. संशोधक या भुंगेऱ्यांची मोजदाद करण्यासाठी सापळे लावतात, तेव्हा आमिष म्हणून हा कृत्रिमरीत्या बनवलेला गंध आणि त्याच्या जोडीला आंबवलेले पावाचे पीठ ठेवतात. दोन्ही एकत्र असले की सापळे भरतात, एकटे ठेवले की तेवढे भरत नाहीत.

या भेटीत बुरशीचा दुहेरी लाभ होतो, आणि मला या साऱ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. या बुरशीत दोन परस्परपूरक संयोग-प्रकार आहेत. एका झाडावरचा थर बहुधा एकाच प्रकारचा असतो आणि स्वतःहून लैंगिक बीजाणू बनवू शकत नाही. भुंगेरा एका झाडावरचा थर चरून दुसऱ्या झाडावरच्या थरावर उतरला आणि ते दोन थर वेगळ्या प्रकारचे असले, तर त्याच्या अंगावरच्या बीजाणूंनी दुसऱ्या थराचे फलन होते. मधमाशी फुलांसाठी जे करते तेच तो बुरशीसाठी करतो. फलन झालेल्या थरावर काही दिवसांतच लांब मानेच्या सूक्ष्म काळ्या सुरया उभ्या राहतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक मानेच्या टोकाशी दुधाळ, चिकट थेंब दिसतो. त्या थेंबात लैंगिक बीजाणू असतात, आणि तो वाऱ्याने उडत नाही. भुंगेऱ्याच्या पायांना, पोटाला, पंखांच्या कडांना लागून जाण्यासाठीच तो चिकट आहे. लाकडात बुरशी पिकवून खाणाऱ्या अॅम्ब्रोसिया भुंगेऱ्यांकडे ती वाहून नेण्यासाठी शरीरात खास पिशव्या असतात, तशा या भुंगेऱ्यांकडे नसतात. या नात्यात बांधिलकी अशी नाही. भुंगेऱ्याला ओक विल्ट नसलेल्या जंगलातही खायला रस आणि इतर बुरशी मिळतात. सालीखाली पोचायला बुरशीला मात्र त्याच्या पायांची गरज पडते.

याच कुळात अशा नात्याचे दुसरे ठळक उदाहरण मधमाशीच्या पोळ्यात सापडते. मूळचा आफ्रिकेतला एथिना टुमिडा हा लहान भुंगेरा पोळ्यात कोडामिआ ओमेरी नावाचे यीस्ट घेऊन जातो. ते यीस्ट परागाच्या साठ्यावर आंबले की त्यातून मधमाश्यांच्या धोक्याच्या इशाऱ्यात असणारे आयसोपेंटिल अॅसिटेट बाहेर पडते आणि आणखी भुंगेरे त्या पोळ्याकडे ओढले जातात. ओक आणि पोळे यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण वासाच्या आधाराने चालणारा हा व्यवहार या कुळाचा पिढीजात धंदा आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या परसाकडे येतो. बीजाणू घेऊन निघालेल्या भुंगेऱ्याला निरोगी ओकमध्ये शिरायला दार लागते, कारण तो साल भेदू शकत नाही. ते दार म्हणजे ताजी जखम: करवतीने छाटलेली फांदी, वादळात मोडलेली फांदी, गवत कापण्याच्या यंत्राने सोललेले बुंध्याचे साल, खोडाला रुतवलेला दिव्याचा खिळा. कापल्यावर काही मिनिटांत ते रसाच्या वासावर येऊ शकतात. जखम पहिल्या तीन दिवसांत सर्वाधिक धोक्याची असते. नंतर ती वाळते, तिच्यावर इतर निरुपद्रवी बुरशी बस्तान बसवतात आणि ही बुरशी शिरण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणून मिनेसोटात एप्रिल ते जुलै या काळात ओकची छाटणी करू नये असे सांगितले जाते. याच काळात बुरशीचे थर ताजे असतात, भुंगेरे उडत असतात आणि झाडाच्या नव्या वाहिन्या उघड्या असतात. छाटणी थंडीत, नोव्हेंबर ते मार्चमध्ये करावी. वादळाने फांदी मोडली, विजेच्या तारांसाठी फांदी कापणे भाग पडले किंवा झाड पाडल्यावर ताजा बुंधा उरला, तर कापल्यापासून काही मिनिटांतच जखमेवर साधा रंग किंवा शेलॅक (लाखेचे रोगण) लावावे. एरवी झाडाच्या जखमेवर काहीही लावू नये असे आम्ही सांगतो. ओकच्या बाबतीत, या महिन्यांत, हा नियम मोडावाच लागतो. उद्या रंग आणून लावू असे म्हणण्यात अर्थ नसतो, कारण तोपर्यंत पाहुणे येऊन गेलेले असतात.

फवारणीचा आग्रह सोडा असे मी म्हणतो, त्यामागे तीन कारणे आहेत. थर सालीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. आपण एका खोडावरचे भुंगेरे मारले, तरी आसपासच्या जंगलात, कुजक्या फळांत, रस गळणाऱ्या झाडांवर त्यांची संख्या इतकी असते की आठवड्याभरात जागा भरून निघते. आणि मुख्य म्हणजे, शहरी परसात एकाचा रोग शेजाऱ्याला लागतो तो बहुतांश वेळा भुंगेऱ्यामुळे नव्हे, तर मुळांमधून. भुंगेरा नव्या जागी नवे केंद्र सुरू करतो. तिथून पुढे पसरणे जमिनीखाली होते. रेड ओकची मुळे शेजारच्या रेड ओकच्या मुळांशी जुळून एक होतात आणि बुरशी त्या सामाईक वाहिन्यांतून पलीकडे जाते. पन्नास फुटांच्या आतील, विशेषतः वालुकामय जमिनीतील, रेड ओक जुळलेले आहेत असेच धरून चालावे.

आपल्या दोन रेड ओकसाठी सर्वांत महत्त्वाचा निर्णय मुळे तोडण्याचा आहे आणि तो याच हंगामात घ्यावा लागेल. कंपन करणारा लांब पात्याचा नांगर जमिनीत सुमारे पाच फूट खोल घालून रोगट आणि निरोगी झाडांमधली मुळे कापतात. चर रोगट झाडाला खेटून नसतो. दिसायला निरोगी असलेल्या पहिल्या झाडापर्यंत बुरशी पोचलेली असण्याची शक्यता गृहीत धरून मुख्य चर त्याच्या पलीकडे आखला जातो. म्हणजे दोनपैकी जवळचा ओक कदाचित चराच्या आतल्या, हातून गेलेल्या बाजूला राहील, हे आधीच मनात धरून ठेवा. मुळे कापण्याआधी वाळलेले झाड पाडू नका. घाईने आधी पाडलेल्या झाडामुळे, त्याच्या मुळांत असलेला रोग शेजाऱ्याकडे अधिक वेगाने ओढला जाऊ शकतो. खणण्यापूर्वी ८११ या फोन क्रमांकावर कळवून गॅस, वीज व पाण्याच्या भूमिगत वाहिन्यांची खूण करून घ्या, आणि शेजाऱ्यांच्या ओकचीही विचारपूस करा, कारण मुळांना कुंपण दिसत नाही.

दूरच्या रेड ओकला प्रॉपिकोनाझोल या बुरशीनाशकाचे बुंध्यातून दिलेले इंजेक्शन संरक्षण देऊ शकते, पण ते लक्षणे दिसण्यापूर्वी दिले तर. लक्षणे दिसू लागलेल्या रेड ओकला ते वाचवत नाही. बर ओकची गोष्ट वेगळी आहे. त्याची मुळे रेड ओकशी क्वचितच जुळतात आणि जुळली तरी रोग हळू चालतो, त्यामुळे त्याच्या फांद्या-पानांच्या घेराचा एक-तृतीयांशाहून कमी भाग बाधित असताना दिलेल्या इंजेक्शनाचा उपयोग होऊ शकतो. हे काम परवानाधारक वृक्षतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे आणि काही वर्षांनी ते पुन्हा करावे लागते, हा खर्च धरून विचार करावा.

निदानाची खात्री आवश्यक आहे, कारण चर खणण्याचा खर्च मोठा असतो. टू-लाइन्ड चेस्टनट बोअरर नावाचा किडा खंगलेल्या ओकवर येतो आणि शेंड्याकडून फांद्या मारतो, पण वाळलेली पाने झाडालाच लटकून राहतात आणि सालीवर डी या अक्षराच्या आकाराची बारीक भोके दिसतात. आर्मिलारिया ही बुरशी बुंध्याच्या सालीखाली पांढरी, पंख्यासारखी पसरते आणि काळ्या दोऱ्या सोडते; तिला हा गोड वास नसतो. मेलेल्या ओकची साल झडल्यावर दिसणारा कडक, राखाडी-काळा पापुद्रा हायपोक्सिलॉन या बुरशीचा असतो, तो मागाहून येणारा आहे आणि तोही वासहीन. आपल्याला वास आला आहे आणि भुंगेरे दिसले आहेत, म्हणून माझे झुकते माप ओक विल्टकडे आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्लांट डिझीज क्लिनिककडे नमुना पाठवावा. मेलेल्या झाडाचे वाळके लाकूड उपयोगाचे नाही. शेजारच्या ओकवर या उन्हाळ्यात लक्षणे दिसली, तर नुकत्याच कोमेजू लागलेल्या, अजून ओल्या असलेल्या फांदीचे तुकडे घेऊन, पिशवीत बंद करून, थंड ठेवून लगेच पाठवावेत. गाडीच्या डिकीत उन्हात दिवसभर राहिलेल्या नमुन्यात बुरशी मरते आणि अहवाल खोटा नकार देतो.

लाकूड जाळायला हरकत नाही. धुरातून रोग पसरत नाही. धोका ते साठवण्यात आहे, कारण कापून रचलेल्या ओंडक्यांवरही सालीखाली थर तयार होतात. साल पूर्ण सोलून काढली किंवा लाकडाचा चुरा केला, तर थर बनू शकत नाहीत. ते जमत नसेल, तर ढीग जाड प्लास्टिकने झाकून कडा चहूबाजूंनी मातीत पुरून ठेवा, फाटलेले भोक चिकटपट्टीने बुजवा आणि झाड मेल्यानंतरचा हा पहिला वसंत-उन्हाळा पूर्ण उलटेपर्यंत झाकण काढू नका. पुढच्या वसंतापर्यंत लाकूड इतके सुकलेले असते की त्यावर थर येत नाहीत. तोपर्यंत त्यातला एकही ओंडका केबिनला (सुट्टीत राहायच्या घरी) किंवा मित्राच्या घरी नेऊ नका. जमिनीवर राहिलेल्या बुंध्याची सालही जमिनीच्या पातळीपर्यंत सोलून काढायला सांगा. तोडणी करणारे हे काम सहसा स्वतःहून करत नाहीत, त्यामुळे करारातच तसे लिहून घेणे बरे.